वणवा आणि कौल

ग्रँट डफविषयी आपल्याकडे रागानंच बोलतात. मी पेशवे दफ्तरातले मोडी कागद वाचतो, म्हणून मला आधी त्याचे कष्ट दिसतात. १८१८ मध्ये तो साताऱ्याला पोलिटिकल एजंट म्हणून आला, तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. छत्रपती प्रतापसिंहांच्या राज्याचा कारभार बघता बघता त्यानं बखरी, सनदा आणि घराण्यांचे जुने कागद मिळवले. १८२६ मध्ये लंडनला मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड काढले. मराठे तिथे कुणाला ठाऊक? नावात मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय घाला, म्हणजे खप होईल, असं प्रकाशक मरेनं सुचवलं. हा बधला नाही.

एवढं करूनही मराठ्यांच्या उदयाचं कारण देताना त्याला सह्याद्रीच्या रानातलं वाळलं गवत पेटलेलं दिसलं, याचंच मला वाईट वाटतं. वणव्याला ना हेतू असतो ना तयारी. मराठे म्हणजे लुटारू, ही समजूत इंग्रजांत त्याच्या आधीपासून होती. आता तिला अस्सल कागदांचा आधार मिळाला. मग कॅप्टन केपनचं मराठी भाषांतर आलं आणि आपली मुलं आपला इतिहास त्यातून शिकू लागली.

१८६७-६८ च्या सुमारास पुण्यात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफच्या चुका पुराव्यानिशी दाखवल्या. ही हिंमत मला फार मोठी वाटते. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी वणव्याच्या कल्पनेलाच हात घातला: संतांची चळवळ, गावगाडा, दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीत मुरलेली माणसं, अशी कितीतरी पिढ्यांची मशागत त्यांनी मांडली. इतिहासकार राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगावचे वाडे धुंडाळत होते; पुढे सरदेसायांनी दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले.

लढाया आणि तह डफनं मन लावून लिहिले. पण माझ्यापुढे रोज येतात ते कागद वेगळे. पाऊस गेला म्हणून साऱ्यात सूट, बैलांसाठी तगाईचं कर्ज, ओसाड गावाला इस्ताव्याचा कौल, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा आणि दरसाल चढत जाऊन मग पुरता. लुटीवर जगणारं राज्य पडीक जमिनीसाठी इतकी वर्षं धीर धरत नाही. कौल दिलेलं गाव पुढे वसलं की नाही, हे नंतरच्या सालांच्या ताळेबंदांत सापडतं, आणि त्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून वाचायचे आहेत.