भोपाळचा कचरा : गोणी उचलल्या, जमीन तशीच

भोपाळ म्हटले की आपल्याला २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. पण त्याच कारखान्याची आणखी एक गोष्ट आहे. ती त्या रात्रीच्या आधी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. आज तिथल्या मातीत आणि पाण्यात जे विष आहे, ते म्हणजे तो वायू नव्हे. तो वायू टिकणारा नाही. ओलाव्याशी संयोग होताच त्याचे रूप बदलते. मातीत उरले आहेत कीटकनाशकांचे अवशेष, नॅफ्थॉल, बीएचसी गटातील रसायने, क्लोरिनयुक्त द्रावके, पारा आणि इतर जड धातू.

या कारखान्याचे मुख्य उत्पादन होते सेव्हिन, म्हणजे कार्बारिल. कापसावर सेव्हिन मारलेले, हाताने बीएचसी पावडर धुरळलेले शेतकरी आपल्या उमरी-भोकर भागातही सापडतील. म्हणजे भोपाळचा कारखाना आपल्या शेतापासून वाटतो तितका लांब नव्हता.

विष जमिनीत कसे गेले?

कारखाना चालू असताना बराच कचरा आवारातच टाकला जाई. १९७७ च्या सुमारास सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी बाहेर मोठी तळी बांधली. पाणी आटते, रसायन मात्र तळाशी साठत जाते. तळ्याचे अस्तर फाटले की ते खाली झिरपते आणि भूजलाला मिळते. आजूबाजूच्या वस्त्या हेच पाणी हातपंपाने उपसून पीत होत्या. १९९८ मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली, सोबत कचराही आला. अखेर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला.

कचरा न्यायचा कुठे?

त्याच वर्षी प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. पुढे आवारातला सुटा कचरा गोळा करून शेडमध्ये ठेवण्यात आला. मग जागेचा शोध सुरू झाला. गुजरातेत अंकलेश्वरचे नाव निघाले, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या बोरखेडीतील डीआरडीओच्या भट्टीचे नाव पुढे आले. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारनेही हात वर केले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. २०१२ मध्ये कचरा विमानाने जर्मनीला नेण्याची बोलणी झाली, तीही फिसकटली.

नागपूरकरांची भीती अडाणीपणाची होती का? नाही. क्लोरिन असलेली रसायने जाळताना तापमान कमी पडले, किंवा धूर झटकन थंड केला नाही, तर डायऑक्झिन तयार होते. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. जड धातू तर जळतच नाहीत. पारा वाफ होऊन धुरात जातो, तो तिथेच पकडावा लागतो. बाकीचे धातू राखेत उरतात. म्हणून भट्टी किती चांगली, धुराची तपासणी कोण करते आणि राख कुठे पुरणार, हे विचारणे नागरिकाचा हक्क आहे.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा १२ कंटेनरमधून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला गेला. तिथेही लोक रस्त्यावर उतरले. तीन चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर सगळा कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे घालावा लागत असल्याने राखेचे वजन ८०० टनांवर गेले.

मग भोपाळ स्वच्छ झाले का?

नागपूरच्याच ‘नीरी’ने हैदराबादच्या ‘एनजीआरआय’सोबत केलेल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन होता. म्हणजे गाजावाजा झाला तो तीन हजारांतल्या एका हिश्शाचा. जखमेवरची खपली निघाली, आतला पू तसाच आहे. जमीन साफ करायची तर दूषित माती किती खोल गेली आहे हे मोजावे लागते, ती उपसावी किंवा बंदिस्त करावी लागते, भूजलावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. आणि हे सगळे होईपर्यंत लोकांना दुसरे पाणी द्यावे लागते. डॉक्टर म्हणून मी हे शेवटचे काम पहिले मानतो, कारण विष तोंडात जाणे थांबले की शरीराची निम्मी लढाई सोपी होते.

अशा पाण्याने अमक्यालाच आजार झाला, हे सिद्ध करणे फार अवघड असते. मात्रा थोडी, काळ मोठा आणि लक्षणे इतर आजारांसारखीच. पुरावा हाती येईपर्यंत एक पिढी निघून जाते.

आपल्यासाठी यात एक साधी गोष्ट आहे. पाणी उकळले, तुरटी फिरवली, क्लोरिनचे थेंब टाकले की जंतू आटोक्यात येतात. कीटकनाशक किंवा पारा त्याने जात नाही. उकळून पाणी आटले तर पारा सोडून बाकीच्या धातूंचे प्रमाण उलट वाढते. म्हणून औषधाचा रिकामा डबा विहिरीत धुऊ नका, त्यात पाणी किंवा धान्य ठेवू नका, फवारणीचे उरलेले पाणी बोअरजवळ ओतू नका. बोअरच्या पाण्याला औषधाचा वास आला तर ते पिणे थांबवा आणि प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी मागा. नुसती जंतूंची तपासणी पुरणार नाही. जमिनीत गेलेले विष काढायला चाळीस वर्षे कमी पडतात, हे भोपाळने दाखवले आहे.