गिरणगावातले कामाचे तास

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाचा दिवस किती लांब असावा, हे सुरुवातीला सूर्यच ठरवत असे. कावसजी दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तेव्हा दिसेनासे होईपर्यंत यंत्र चालवायचे एवढाच नियम होता. उन्हाळ्यात दिवस तेरा तासांवर जाई, हिवाळ्यात तो तास-दोन तासांनी आखडे. कामगाराच्या घरी घड्याळ नव्हते आणि उशीर झाला की खाडा लागे. म्हणून काहीजण अपरात्रीच येऊन गिरणीच्या फाटकाबाहेर पथारी टाकत.

एवढा वेळ सलग उभे राहून तुटलेला धागा सांधत राहणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. तेव्हा कामगारांनी विश्रांतीची सोय आपापसांतच केली. एकाने शेजाऱ्याच्या साच्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढायची, अंगावर पाणी घ्यायचे किंवा चार घास खायचे. मालकांना हे ठाऊक होते. खात्यात गरजेपेक्षा जास्त माणसे ठेवण्याचा प्रघात त्यातूनच पडला. शिमग्याला किंवा गणपतीला कामगार कोकणात गेला, की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. मालकांच्या भाषेत हा सारा आळस होता. प्रत्यक्षात थकव्याचा तेवढाच एक बंदोबस्त त्या काळी होता.

पहिला कायदा १८८१ चा. त्यामागे कामगारांच्या कळवळ्याइतकीच इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची धास्तीही होती. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जाऊ लागले होते. या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि प्रौढांचे नावही काढले नाही. ती उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे आणली. ‘दीनबंधु’ पत्राचे हे संपादक सत्यशोधक चळवळीतले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या: रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरुवात आणि सूर्यास्ताला सुटका. सूर्यास्तापर्यंत राबण्याची तयारी अर्जातच लिहून दिलेली होती. त्याहून कमी तास मागण्याची कल्पनाही तेव्हा फार पुढची ठरली असती. मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १८९० मध्ये. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला, स्त्रियांचे काम ११ तासांवर आले. पुरुषांच्या तासांना मात्र हात लागला नाही.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची जी एक नैसर्गिक मर्यादा होती तीही गेली. १९०५ मध्ये कापडाला तेजी होती आणि दिवे लावलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर वृत्तपत्रांत ओरड झाली, कामगारांनी दंगे केले. १९०७-०८ च्या आयोगापुढे मालकांनी मांडलेला युक्तिवाद मासलेवाईक आहे: कामगार अधूनमधून बाहेर रेंगाळतोच, तेव्हा लांब दिवसाने त्याचे काही बिघडत नाही. आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांसाठी थेट मर्यादा नकोच म्हटले. आयोगाचेच एक सदस्य, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी त्याला विरोध करणारी भिन्नमतपत्रिका जोडली. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना १२ तासांची मर्यादा घातली.

दहा तासांचा दिवस कायद्याआधी संपाने आणला. जानेवारी १९२० मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि महिनाभराने तो पदरात पाडून घेऊनच आत गेले. १९२२ चा कायदा आला तो दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास सांगत. कामगारांनी आधीच मिळवलेल्यापेक्षा मागे. १९३४ मध्ये कायद्यानेही १० आणि ५४ तास मान्य केले.

तास कमी झाले म्हणून दमणूक तेवढीच कमी झाली असे मात्र नाही. १९२० नंतरच्या मंदीत मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या योजना आणल्या: दोन साचे चालवणाऱ्या विणकराला तीन, कताईयंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्याला दोन. जादा माणसे गेली आणि त्यांच्यासोबत विडीपुरती उसंतही गेली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप मुख्यतः यावरूनच पेटला. कायदा घड्याळ मोजत होता. एका माणसाकडे किती साचे, याबद्दल त्यात अक्षर नव्हते.

दिवसपाळी आटोपशीर झाली तशी रातपाळी वाढली. महागडी यंत्रे रात्री बंद ठेवणे मालकांना परवडेना आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने तिसरी पाळीही रुळली. दिवसा झोपायचे तर ते चाळीतल्या दहा-दहा माणसांच्या खोलीत, नळावरच्या भांडणांत आणि मुलांच्या कालव्यात. रातपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्याच जागेवर दिवसपाळीचा आडवा होई. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. ही चौकट पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली; आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले.