कारण : कौटुंबिक

“ताई, कारण काय लिहू?”

२०१६ चा पावसाळा. वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी ऑफिसचं काम बघायचे. हजेरी, पगारपत्रक, पीएफचे फॉर्म, सगळं माझ्याकडे. समोर डिस्पॅचमधला मुलगा कोरा कागद घेऊन उभा होता. आदल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या मोबाइलवरचे मेसेज पाहिले होते. तो एका मुलावर प्रेम करतो ही बातमी दुपारच्या डब्यापर्यंत सगळीकडे पोचली. दोन दिवसांत त्याच्या शेजारी डबा खायला कुणी बसेना. मग शेठनी त्याला आत बोलावलं. बाहेर आला तो राजीनामा लिहायलाच.

शेठ त्याला एवढंच म्हणाले होते, “पोलिसांत जायचंय का तुला? मग गप कागद दे.”

मी त्याला म्हटलं, “कौटुंबिक लिही.”

त्याने लिहिलं. मी शिक्का मारला, कागद फाइलमध्ये लावला. आज कुणी ती फाइल उघडली, तर २०१६ साली एका मुलाने घरगुती अडचणीमुळे नोकरी सोडली एवढंच त्यातून कळेल. हा लेख त्या खोट्या कारणाबद्दल आहे, आणि ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ प्रदर्शित झाला होता. मी तो पाहिला थेट टाळेबंदीत, विरारच्या घरी, मोबाइलवर. मनोज बाजपेयीने साकारलेले ते प्राध्यापक खरे होते हे ऐकून होते. ते मराठीचे प्राध्यापक होते, हे मात्र तेव्हा कळलं.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळ नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वीसेक वर्षं मराठी शिकवली, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसं कॅमेरा घेऊन विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने सिरसांना निलंबित केलं. ठपका ‘गैरवर्तना’चा. राहतं घर सोडायलाही सांगितलं. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

आता तारखा बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात, प्रौढांनी संमतीने खाजगीत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला तो २ जुलै २००९ ला. (त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, आमची वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली.) म्हणजे त्या निकालानुसार सिरसांनी कुठलाही गुन्हा केला नव्हता. पोलीस त्यांना हात लावू शकत नव्हते. मालकाने मात्र हात लावला. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर मिळालेलं छप्परही.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० ला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. माणूस स्वतःच्या घरात काय करतो हा त्याच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने उचलून धरला. ७ एप्रिलला अलीगढमधल्या भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. गुन्हा नोंदवला गेला, तपास झाला आणि पुराव्याअभावी बंदही झाला.

सिरसांची गोष्ट वाचताना मला सारखा आमचा गाळा आठवत होता. ती गोष्ट आपल्याला कळली कशी? कारण विद्यापीठाने लेखी आदेश काढला होता. त्यावर तारीख होती, सही होती, कारण होतं. ते केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळे त्या कागदाला राज्यघटनेच्या आधारे आव्हान देता आलं. आमच्या गाळ्यात असा कागदच निर्माण झाला नाही. कामगाराला काढायचं तर नोटीस, हिशेब, कारण असं काहीतरी द्यावं लागतं. राजीनामाच घेतला की यातलं काहीच लागत नाही. आणि तो राजीनामा मिळवायला शेठना कलम ३७७ चा धाकच पुरला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला नाझचा निकाल फिरवला होता, म्हणून २०१६ मध्ये ते कलम पुन्हा जिवंत होतं. त्या कलमाखाली किती जणांना शिक्षा झाली एवढंच मोजून भागत नाही. त्याच्या धाकाने किती राजीनामे घेतले गेले, ते कुठेच मोजलेलं नाही.

पोलीस खात्यातलं उदाहरण बघा. बीड जिल्ह्यातले कॉन्स्टेबल ललित साळवे, तेव्हा नोंदीत ललिता. त्यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला कॉन्स्टेबल म्हणून झाली होती, म्हणून खात्याने नकार दिला. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हा सेवाविषयक प्रश्न असल्याचं सांगत प्रशासकीय न्यायाधिकरणाची, म्हणजे मॅटची, वाट दाखवली. अखेर मे २०१८ मध्ये गृह विभागाने परवानगी दिली आणि त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. साळवे पोलीस दलातच राहिले. इथेही एक लेखी नकार होता. भांडायला कागद होता.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेजसिंग जोहर खटल्यात एकमताने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. त्या संध्याकाळी माझ्या व्हॉट्सअॅपवर इंद्रधनुष्याचे स्टेटस दिसत होते. मला त्या मुलाची आठवण झाली. आता शेठना पोलिसांचा धाक घालता आला नसता, हे खरं. पण त्यांना काढता आलं असतं का?

याचं उत्तर तुम्ही कोण आहात यावर ठरतं.

तृतीयपंथी किंवा ट्रान्स व्यक्तीसाठी कायदा आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने तृतीय लिंगाला मान्यता दिली. नंतर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं नववं कलम सांगतं की भरती, बढती वा नोकरीशी संबंधित कुठल्याही बाबतीत कोणत्याही आस्थापनेने ट्रान्स व्यक्तीशी भेदभाव करू नये. अकरावं कलम तक्रार अधिकारी नेमायला सांगतं. ‘आस्थापना’ या शब्दात खाजगी कंपन्याही येतात, म्हणजे वालीव आणि सातिवलीचे गाळेसुद्धा. पण मूळ कायद्यातली शिक्षा सांगणारी यादी वाचली, तर नोकरी नाकारल्याबद्दलची शिक्षा त्यात वेगळी नमूद केलेली नाही.

गे, लेस्बियन आणि बायसेक्शुअल कामगारांसाठी असं एकही कलम नाही. नवतेजच्या निकालातल्या काही न्यायाधीशांनी राज्यघटनेतल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो असा अर्थ लावला. पण हा घटनेतला अधिकार मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो, गाळ्याच्या शेठविरुद्ध नाही. गाळ्यात भिंतीवर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा फलक होता, पण त्या कायद्यात तक्रार करता येते ती स्त्रीला. गंमत म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘लैंगिक कलावरून भेदभाव नको’ असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मानसोपचाराच्या रुग्णालयात त्या मुलाला संरक्षण आहे, डिस्पॅचच्या टेबलावर नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न जेराल्ड बॉस्टॉक यांनी सोडवून घेतला. जॉर्जिया राज्यात ते बालकल्याणाचं काम करायचे. गे सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायला लागल्यावर त्यांची नोकरी गेली. १५ जून २०२० ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९६४ च्या कायद्यातला ‘लिंगावरून भेदभाव नको’ हा नियम त्यांनाही लागू होतो. तो नियम पंधरा किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी मालकालाही बांधतो. बॉस्टॉकना नवा कायदा मागावा लागला नाही, जुन्यातला एक शब्द पुरला. आपल्याकडे खाजगी मालकाला बांधणारा तसा सर्वसाधारण कायदा नाही.

आणि जिथे कायदा आहे, तिथेही तो आपोआप चालत नाही. २०२२ च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष हे दोनच पर्याय होते. साताऱ्याच्या आर्या पुजारी मॅटमध्ये गेल्या. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने खडसावल्यावर अर्जात पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे नियम करायला फेब्रुवारी २०२३ ची मुदत मिळाली. जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेची नोकरी उत्तर प्रदेशातल्या एका खाजगी शाळेत गेली आणि गुजरातमधल्या दुसऱ्या शाळेत हातातोंडाशी आलेली हुकली. त्यांच्या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारांच्या निष्क्रियतेवर बोट ठेवलं, भरपाई दिली आणि समान संधी धोरणासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायदा लागू होऊन तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती.

हे सगळे खटले जिंकलेले आहेत आणि प्रत्येकात माणसाला आधी हरावं लागलंय. सिरसांना तर जिंकल्यानंतर आठवडाभरही मिळाला नाही. म्हणून मला आता वाटतं, खरं संरक्षण कोर्टाच्या आधी, ऑफिसच्या टेबलावरच असायला हवं. तिथे बहुतेक वेळा माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं.

मी आता दुसऱ्या कंपनीत एचआरला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या नियमपुस्तिकेत भेदभावाच्या परिच्छेदात जात, धर्म, लिंग यांच्यापुढे मी ‘लैंगिक कल’ असे दोन शब्द घातले. साहेबांनी ते खोडले. मी पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “राहू दे, कोण वाचतंय?” राहिले. आणखी एक सवय लावून घेतलीये. राजीनामा घेताना दार लावते आणि विचारते, “खरं कारण काय आहे? लिहायचं असेल तर लिही, मी पोच देते.” बरेच जण तरीही ‘वैयक्तिक’ लिहितात. एका मुलीने मात्र दीड पान लिहिलं. त्या दीड पानामुळे तिच्या सुपरवायझरची चौकशी झाली आणि ती अजून आमच्याकडेच आहे.

तुम्ही हे लोकलमध्ये वाचत असाल आणि उद्या तुमच्यासमोर कुणी असा कोरा कागद सरकवला, तर लगेच सही करू नका. मला काढायचं असेल तर तसं लेखी द्या, म्हणा. मेसेज जपून ठेवा, तारखा लिहून ठेवा.

डिस्पॅचमधल्या त्या मुलाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून त्याचा डीपी बदलतो. मागच्या महिन्यात त्याला मेसेज केला : “तेव्हा मी तुला चुकीचं कारण सांगितलं.” निळ्या टिक आल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “ताई, तेव्हा तेच बरोबर होतं.”

माझं समाधान झालेलं नाही. पण आता निदान एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं आहे.