गाण्यामागच्या गप्पा
धुळे-जळगाव रस्त्यावरच्या पारोळ्यासारख्या गावांत रेडिओ सुरुवातीला एकट्याने ऐकायची वस्तू नव्हता. 1952 पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला बुधवारी रात्री लागे. संच महाग, त्यावर परवान्याची फी. त्यामुळे ऐकणे बहुधा कुणाच्या तरी ओट्यावर, चारचौघांतच होई. लघुलहरींवरचा आवाज मध्येच विरे आणि त्या खंडात कपाशीचा भाव, पाऊस, सोयरीक असे विषय निघत. अशा अवांतराने गाण्याचा विचका होतो, हा आक्षेप निम्माच खरा आहे. गाणे तीन मिनिटांत संपते. माणसे पुढच्या बुधवारी पुन्हा जमायची, तर त्याहून अधिक काही लागते. आवडीने रसिक एकत्र आले, टिकले ते गप्पांमुळे. पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आले. गाणी वाढली, ओटा ओस पडला.