गर्ट्रूड (हॅम्लेट)

गर्ट्रूड ही विल्यम शेक्सपियर यांच्या 'हॅम्लेट' या शोकांतिकेतील डेन्मार्कची राणी व नायक हॅम्लेटची आई आहे. पतीच्या मृत्यूनंतर दोन महिनेही लोटले नसताना ती दीर क्लॉडियसशी विवाह करते. या विवाहामुळे मुलाच्या मनात उत्पन्न झालेला रोष हे नाटकातील एक प्रमुख सूत्र आहे.

रोषाचे स्वरूप

वडिलांचा खून झाल्याचे कळण्यापूर्वीच हॅम्लेट आईवर संतापलेला असतो. भावाच्या विधवेशी विवाह तत्कालीन ख्रिस्ती धर्मनियमांनुसार निषिद्ध नात्यात मोडत असे. त्यामुळे तो या विवाहाला व्यभिचार मानतो. हा राग पुढे समस्त स्त्रीजातीविषयीच्या अविश्वासात बदलतो आणि त्याची झळ निरपराध ऑफिलियाला बसते.

वडिलांचे भूत सूड घेण्यास सांगते. मात्र आईला ईश्वरावर व तिच्या विवेकावर सोडण्याची आज्ञा देते. तिसऱ्या अंकातील शयनगृहाच्या प्रवेशात हॅम्लेट तिची कठोर निर्भर्त्सना करतो. पडद्याआड लपलेला पोलोनियस याच वेळी त्याच्या हातून मारला जातो. अखेरच्या अंकात हॅम्लेटसाठी ठेवलेला विषाचा प्याला गर्ट्रूड पिते आणि मरताना त्याला विषाची सूचना देते.

मतमतांतरे

गर्ट्रूडला खुनाची माहिती होती का, हे नाटकाच्या प्रचलित संहितेत स्पष्ट होत नाही. १६०३ च्या पहिल्या मुद्रित आवृत्तीत मात्र ती आपण अनभिज्ञ असल्याचे शपथेवर सांगते. टी. एस. एलियट यांनी १९१९ च्या निबंधात हॅम्लेटची भावना तिच्या कारणापेक्षा अतिरिक्त असल्याचा आक्षेप घेतला. सिग्मंड फ्रॉइड व अर्नेस्ट जोन्स यांनी या रोषामागे इडिपस गंड पाहिला. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या चित्रपटावर या विवेचनाचा प्रभाव आहे. कॅरोलिन हाइलब्रुन यांनी १९५७ मध्ये गर्ट्रूड उथळ नसून समंजस व नेमके बोलणारी असल्याचे प्रतिपादन केले. प्रेक्षकाला ती बहुतांशी मुलाच्या नजरेतून दिसते. म्हणूनच तिचा अपराध आणि त्याचा आरोप यांतील अंतर हा वादाचा विषय राहिला आहे.

मराठी रंगभूमी

गोपाळ गणेश आगरकर यांनी 'विकारविलसित' (१८८३) या नावाने नाटकाचे मराठी भाषांतर केले. त्यातील चंद्रसेन म्हणजे हॅम्लेट ही गणपतराव जोशी यांची भूमिका विशेष गाजली.