दूधतुपावांचूनचें ताट

दूध, तूप, दहीं, अंडीं, मांस यांपैकीं कशासही न शिवतां घरादाराचें जेवण रांधावें, हा विचार साहेबाच्या देशाहून आला असा सुशिक्षितांचा समज आहे. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडांत १९४४ सालीं निघाला, हें खरेंच. उतारवयांत असला स्वयंपाक शिकूं पाहणारा माझ्यासारखा संशयी गृहस्थ प्रथम हेंच विचारतो कीं, दह्यावांचून कढी नाहीं, तुपावांचून पुरणपोळी नाहीं, मग उरलें काय? परंतु शब्द नवा म्हणून ताटही नवें, असें नव्हे.

आमच्या कन्नड तालुक्यांतील कोरडवाहू कुणब्याची जुनी शिदोरी आठवावी: बाजरीची भाकरी, पिठलें, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा. जनावरापासून आलेला पदार्थ त्यांत एकही नाहीं. मात्र हें व्रत नव्हतें. घरचें दूध विकून मीठमिरची आणावी लागे, त्या निकडीचें तें ताट होतें. ऐपत होतांच तोच कुणबी मटणाच्या रश्श्यावर ताव मारी. त्याला सात्त्विक आहाराचा आद्य पुरस्कर्ता ठरविणें म्हणजे त्याच्या दारिद्र्याची थट्टाच होय. पुणें जिल्ह्यांतील इनामगांवच्या उत्खननांत (१९६८–८३) तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत जव, मसूर यांचे जळके दाणे सांपडले, तशीं गुरांचीं व हरणांचीं हाडेंही सांपडलीं.

शिवाय हें ताट सनातनही नाहीं. ज्वारी व बाजरी फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आल्या. मिरची आणि भुईमूग मूळचीं अमेरिकेचीं. ठेच्यावांचून जिला घास उतरत नाहीं, त्या आजीबाईच्या कोणा पूर्वज स्त्रीनें पहिली मिरची संशयानेंच वाटली असली पाहिजे!

याहून जवळचें उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचें. मराठवाड्यांत ज्वारी बुडाली, रेशनच्या दुकानांत अमेरिकेची तांबडी मिलो आली, दुष्काळी कामांवर सुकडी वांटण्यांत आली. ‘जनावरांचें धान्य’ म्हणून मिलोची नालस्ती झाली. जन्मभर भाकरी थापलेले हात त्या परक्या पिठापुढें पुन्हां नवशिके झाले. पण पोरांना उपाशी ठेवून रुसण्याची चैन कोणास परवडणार? ज्वारीच्या जातीच्या पिठांत गव्हासारखी चिकाटी नसते. उकळत्या पाण्यांत भिजविलें म्हणजे त्यांतील पिष्ट फुलून तें धरूं लागतें. हें रसायन आमच्या बायकांस पुस्तकावांचून अवगत होतें, आणि मीही तें पुस्तकांतून नव्हे, घरांतच शिकलों.

आजच्या हौशी नवशिक्यास तशी निकड नाहीं. त्यानें भाकरीबरोबर डाळ सोडूं नये, कारण धान्याच्या प्रथिनांतील उणीव डाळ भरून काढते. ब-१२ हें जीवनसत्त्व मात्र भाजीपाल्यांत मिळत नाहीं. तें वैद्यास विचारून निराळें घ्यावें. कढीच्या जागीं चिंचेचें सार चालतें. पुरणपोळीचें म्हणाल, तर ती येळवणीच्या आमटींत बुडवून खाणारीं घरें आमच्याकडे पहिल्यापासूनच आहेत.