हंस राखणारी राजकन्या

ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहातील ८९ व्या कथेचे जर्मन नाव ‘डी गेन्झेमाग्ड’, म्हणजे हंस राखणारी मोलकरीण. सिंड्रेला किंवा हिमगौरी यांच्याइतकी ही कथा जगभर पसरली नाही. तरीही २००३ मध्ये शॅनन हेल या अमेरिकन लेखिकेने तिच्यावर किशोरवयीन वाचकांसाठी ‘द गूज गर्ल’ ही कादंबरी लिहिली. मधल्या दोन शतकांत ही कथा भाजीवाली, भाषापंडित, संगीतकार, शिल्पकार आणि कादंबरीकार अशा अनेकांच्या हातांतून गेली.

कथा अशी आहे. एक विधवा राणी आपल्या मुलीला लग्नासाठी दूरदेशीच्या राजपुत्राकडे पाठवते. बरोबर एक दासी, फालादा नावाचा बोलणारा घोडा आणि आईच्या रक्ताचे तीन थेंब पडलेला पांढरा रुमाल असतो. वाटेत राजकन्येला तहान लागते, पण दासी पाणी आणून द्यायला नकार देते. राजकन्या ओढ्यावर ओणवी होऊन पाणी पिते, तेव्हा रुमाल वाहून जातो आणि त्याबरोबर तिचे बळही जाते. दासी तिच्याशी कपडे आणि घोडा बदलून घेते. याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढणार नाही, अशी शपथ तिला उघड्या आकाशाखाली घ्यायला लावते.

राजवाड्यात दासी वधू म्हणून मिरवते आणि खरी राजकन्या कॉनराड नावाच्या पोराबरोबर हंस राखायला जाते. घोडा बिंग फोडील या भीतीने दासी त्याला मारवते. राजकन्या खाटकाला पैसे कबूल करून घोड्याचे मस्तक वेशीच्या अंधाऱ्या कमानीखाली खिळ्याने ठोकून घेते. रोज सकाळी हंस घेऊन तिथून जाताना ती त्या मस्तकाशी बोलते आणि मस्तक तिला उत्तर देते. कुरणात तिने केस मोकळे सोडले, की कॉनराड ते सोनेरी केस उपटायला धावतो. मग ती वाऱ्याला त्याची टोपी उडवून न्यायला सांगते. शेवटी म्हातारा राजा हे सारे लपून पाहतो. शपथेने तिचे तोंड बांधलेले असल्यामुळे तो तिला लोखंडी शेगडीपाशी मन मोकळे करायला सांगतो आणि स्वतः बाहेर धुराड्याला कान लावून ऐकतो. तोतया वधूला दुसऱ्याच कुणाची हकिकत म्हणून हा अपराध सांगितला जातो. खिळे ठोकलेल्या पिंपात घालून फरपटत न्यावे, ही शिक्षा ती स्वतःच्या तोंडाने सुनावते आणि तीच तिला भोगावी लागते.

ग्रिम बंधूंना ही कथा डोरोथेआ फीमान या बाईकडून मिळाली. तिचा जन्म १७५५ मध्ये कासेल शहराजवळच्या एका खाणावळीत झाला. वडील खाणावळीचे मालक होते आणि त्यांचे पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्यूगनॉट पंथीय होते. वाटसरू, गाडीवान आणि शिपाई यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकत ती मोठी झाली. पुढे तिचे एका शिंप्याशी लग्न झाले. नीडरत्स्वेरेन या गावात राहून ती आपल्या मळ्यातला भाजीपाला कासेलच्या बाजारात विकत असे. १८१३ पासून ती ग्रिम बंधूंच्या घरी येऊ लागली आणि तिने त्यांना चाळीसच्या आसपास गोष्टी सांगितल्या. ती आधी ओघात सांगे, आणि विनंती केली तर तीच गोष्ट उतरवून घेता येईल इतकी सावकाश पुन्हा सांगे. सांगताना चूक झाली तर ती स्वतःच दुरुस्त करी. ग्रिम बंधूंनी संग्रहाच्या प्रस्तावनेत या काटेकोरपणाचे मनापासून कौतुक केले आहे. संग्रहाचा दुसरा खंड १८१५ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डोरोथेआचे निधन झाले. १८१९ च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंचा धाकटा भाऊ लुडविग याने काढलेले तिचे चित्र छापले गेले. परीकथा सांगणारी म्हातारी म्हटले की जर्मन वाचकांपुढे आजही हाच सुरकुतलेला, शांत चेहरा येतो.

कथेचा गाभा मात्र याहून कितीतरी जुना आहे. शार्लमेन सम्राटाची आई बेर्था हिच्या दंतकथेत तोतया वधू आधीच आहे आणि ग्रिम बंधूंनी स्वतः या साम्याकडे लक्ष वेधले होते. तेराव्या शतकात आदने ल र्वा या कवीने ती दंतकथा फ्रेंच काव्यात बांधली. तिच्यात दासीची मुलगी राणी होऊन बसते, खरी वधू अरण्यात आसरा घेते आणि बेर्थाची आई तोतयेला तिच्या पायांवरून ओळखते. नेपल्सच्या जांबातिस्ता बाझिले याच्या १६३४ ते १६३६ दरम्यान छापलेल्या संग्रहात तर हंसही येतात. त्याच्या कथेत खऱ्या वधूला समुद्रात ढकलले जाते आणि तिच्या भावाला राजाचे हंस राखायला लावतात. बहीण समुद्रातून बाहेर येऊन हंसांना गोडधोड खाऊ घालते. हंस धष्टपुष्ट होतात आणि राजाच्या खिडकीखाली गाऊन सत्य सांगतात. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ५३३ हा क्रमांक बोलणाऱ्या घोड्याच्या मस्तकाच्या कथांसाठी राखलेला आहे.

राजकन्येच्या वाट्याला हेच काम का आले, हे समजण्यासाठी त्या काळचे युरोपातले खेडे पाहावे लागते. मराठीत ‘हंस’ म्हटले की सरस्वतीचे वाहन आणि नीरक्षीरविवेक आठवतो. या कथेतला हंस वेगळा आहे. तो बदकाच्या कुळातला, बदकाहून मोठा, कर्कश ओरडणारा आणि अंगावर धावून येणारा पाळीव पक्षी आहे. त्याचे मांस खाल्ले जाई, चरबी स्वयंपाकात लागे, मऊ पिसे गाद्याउशांत भरली जात आणि पंखांच्या लांब पिसांच्या लेखण्या होत. पोलादी निब १८२० नंतर सर्रास मिळू लागेपर्यंत युरोपातले बहुतेक लेखन अशा लेखणीनेच होत असे. कापणी झाल्यावर हंस शेतातल्या खुंटांवर चरायला सोडत, पडलेले दाणे वेचून ते लठ्ठ होत. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला त्यांचे मांस ताटात वाढले जाई. राखणीला ताकद किंवा कसब लागत नसे, म्हणून ती पोरांवर आणि गरीब मुलींवर सोपवली जाई. गावातल्या कामांच्या उतरंडीत हे काम अगदी तळाला होते. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे राजकन्या किती खाली आली, हे वेगळे सांगावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हंस राखणारी मुलगी कथेबाहेरही दिसू लागली. अँड्र्यू लँग याने १८८९ च्या ‘ब्लू फेअरी बुक’मध्ये ही कथा घेतली आणि ती इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या घराघरांत गेली. ग्रिम बंधू १८३० ते १८३७ या काळात ज्या ग्योटिंगेनच्या विद्यापीठात होते, त्या शहराच्या चौकात १९०१ मध्ये हंसवाल्या मुलीचे कारंजे उभे राहिले. डॉक्टरेट मिळवलेल्याने तिचे चुंबन घ्यायचे, अशी प्रथा तिथे रुजली. १९२६ मध्ये नगरपालिकेने बंदी घातली, तरी ती टिकली. एंगेलबेर्ट हुम्परडिंक याचा ‘क्योनिग्सकिंडर’ हा ऑपेरा डिसेंबर १९१० मध्ये न्यूयॉर्कला प्रथम सादर झाला. त्याचे कथानक वेगळे असले तरी नायिका हंस राखणारीच आहे. जेराल्डिन फरार ही गायिका त्यात खरे, जिवंत हंस घेऊन रंगमंचावर आली. रुडोल्फ डिट्झेन या जर्मन कादंबरीकाराने तर आपले टोपणनावच या घोड्यावरून घेतले आणि ‘हान्स फालादा’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. मेल्यावरही खरे बोलणाऱ्या घोड्याचे नाव लेखकाला घ्यावेसे वाटले, यातच कथेचे बळ दिसते.

परीकथेची कुमारांसाठी कादंबरी करण्याची प्रथा अमेरिकेत रॉबिन मॅककिन्ली हिच्या १९७८ मधील ‘ब्यूटी’ने दृढ केली. १९९७ मध्ये गेल कार्सन लेव्हिन हिची ‘एला एन्चांटेड’ आली. या दोघींनी सर्वांना ठाऊक असलेल्या कथा निवडल्या होत्या. शॅनन हेलने पहिल्याच कादंबरीसाठी कमी परिचित कथा घेतली आणि मूळ कथेने मोकळ्या सोडलेल्या जागा भरल्या. तिची राजकन्या ॲनी लहानपणी मावशीकडून पक्ष्यांची भाषा शिकते. शिंगरू जन्मते, त्या क्षणी ती त्याच्या तोंडून ‘फालादा’ हे नाव ऐकते, त्यामुळे घोडा का बोलतो हा प्रश्नच उरत नाही. दासी सेलिया हिच्याकडे माणसांना आपल्या शब्दांनी वळवण्याची देणगी आहे. ॲनीला मात्र तीच जमत नाही. सेलियाच्या बाजूचे पहारेकरी अरण्यात इमानी सोबत्यांची कत्तल करतात, आणि ॲनी बायर्न देशात ‘इसी’ हे नाव घेऊन, केस झाकून राजाच्या हंसांची राखण करते.

मूळ कथेत वारा एका मंत्राने धावतो. कादंबरीत ॲनी वाऱ्याची भाषा हळूहळू, कुरणात एकटी बसून शिकते. मूळ कथेत म्हातारा राजा तिला न्याय मिळवून देतो. कादंबरीत तिच्याबरोबर जनावरे आणि कोंबड्या राखणारी गरीब मंडळी, विशेषतः एना ही मैत्रीण, तिच्या पाठीशी उभी राहतात. सेलियाचे कारस्थान दोन देशांना युद्धाच्या तोंडाशी नेते आणि ते थांबवण्यासाठी ॲनीला स्वतः बोलावे लागते. डोरोथेआच्या कथेतली मुलगी शपथ पाळून लोखंडाच्या शेगडीशी बोलली, हेलची मुलगी भरदरबारात बोलते.

या कादंबरीपासून ‘बुक्स ऑफ बायर्न’ ही मालिका सुरू झाली. ‘एना बर्निंग’ (२००४), ‘रिव्हर सीक्रेट्स’ (२००६) आणि ‘फॉरेस्ट बॉर्न’ (२००९) हे तिचे पुढचे भाग. त्यांत राजकन्येऐवजी तिच्या मैत्रिणी आणि अरण्यातली माणसे मध्यभागी येतात. २००७ मध्ये हेलने ‘मेड मालीन’ या ग्रिम संग्रहातल्या आणखी एका विस्मृत कथेवर ‘बुक ऑफ अ थाउजंड डेज’ लिहिली. तिची निवेदक राजकन्या नाही, दासी आहे. हंस राखणाऱ्या मुलीच्या कथेत जिला फक्त कपट आणि शिक्षा मिळाली होती, त्या दासीच्या जागेवरून कथा सांगण्याचे काम अशा रीतीने त्याच लेखिकेच्या हातून झाले.